इंजिनात राहिलेली चिंधी

रंगराव मिस्त्रींनी मगदूम वकिलांच्या गाडीच्या इंजिनात दोन बोटं घातली आणि त्यांचा हात खांद्यापर्यंत आत गेला. भोक दीड इंचाचं होतं. रंगरावांना त्याचं नवल वाटलं नाही. बोटांना चिंधी लागली, याची मात्र लाज वाटली.

गाडी साठ सालातली. इंजिन खोलून पुन्हा बांधल्याला नऊ दिवस झाले होते, पण ते सुरू होत नव्हतं आणि ताकास तूर लागू देत नव्हतं. प्लगला ठिणगी होती, पेट्रोल येत होतं, टायमिंग तीनदा बघून झालं होतं. आणि दोष निघाला तो हा! कार्बोरेटर उतरवला की उघड्या भोकात चिंधी कोंबायची, म्हणजे नट आत पडत नाही. आणि ती लालच कोंबायची, म्हणजे विसरत नाही, हा रंगरावांचाच नियम. जयसिंगपुरातले सगळे मिस्त्री तो पाळत. त्या दिवशी लाल संपली होती, म्हणून त्यांनी राखाडी कोंबली आणि विसरले.

दुसऱ्या कुणाची राहिली असती तर त्यांनी वर्षभर त्याची टर उडवली असती. पण त्यांचे वडील, आबा, हेही मिस्त्रीच होते. ते आधी पाना विसरले, मग घराचा रस्ता, मग माणसं. आज गाडी सुरू झाली तर ही नुसती चूक. नाही झाली तर ही सुरुवात. रंगराव मनातून घाबरले होते.

त्यांनी चिंधी ओढली. तिला गाठ मारलेलं एक झबलं मागोमाग आलं.

"यशवंताचं," रंगराव हसले. "आपल्या पोराच्या बारशाचं. बघ, नाडी अजून हाय."

चहा घेऊन आलेल्या बायकोनं, तानूबाईंनी, झबलं हातात घेतलं. रंगरावांनी भोकात झाकणभर पेट्रोल टाकून हँडल मारलं. इंजिन एकदा खोकलं.

"ऐकलंस?" ते म्हणाले. मग त्यांची नजर तिच्या हाताकडे गेली. "ते काय धरलंयस?"

"झबलं."

"कुणाचं?"

"यशवंताचं."

"असंल कुणीतरी," म्हणत ते पुन्हा वाकले.

या वेळी खाकी सदरा निघाला. त्यांनी तो नाकाशी धरला. आबांचा. खिशात तंबाखूची डबी असायची. सदरा खांद्यावर टाकून त्यांनी हँडल मारलं. इंजिन दोनदा धडधडलं आणि थांबलं. माळा झाडून काढल्यावर घर हलकं वाटतं, तसं डोकं हलकं झालं होतं. सदरा त्यांनी हात पुसायला घेतला.

"अवो, बास करा," तानूबाई म्हणाल्या. "वकील जातील चालत."

"एवढं एक निघू दे. मग सुरू हुईल."

एवढं एक म्हणजे हिरवं इरकली लुगडं होतं, पिवळ्या काठाचं. ते वारभर, दोन वार, हातभर असं येतच राहिलं. रंगराव ओढता ओढता थांबले.

"तुझं. पयल्या दिवाळीला आणलेलं. तुला रंग आवडला न्हवता, पर मला वाईट वाटंल म्हणून नेसलीस. तवा मी मनात म्हनलं, बाई लाखातली मिळाली." एवढं ते तिला चाळीस वर्षांत कधी बोलले नव्हते.

तानूबाईंनी चहाचा कप ठेवला, हँडल उचललं आणि पाठीमागे लपवलं.

"आता बोललासा, त्यात मला समदं मिळालं. आता न्हाई मारायचं."

"सुरू झालं की कळंल सगळ्यांला. मला काय झालेलं न्हाई."

त्यांनी हँडल तिच्या हातातून हळूच सोडवून घेतलं. तिनंही ते फार घट्ट धरलं नाही. लुगडं मात्र छातीशी धरून ती गाडीपाशी उभी राहिली.

कार्बोरेटर बसवून त्यांनी हँडल मारलं आणि पहिल्याच फेऱ्याला इंजिन सुरू झालं. चारही सिलिंडर एका सुरात बोलू लागले. रंगरावांचे डोळे भरून आले. आपल्याला काहीसुद्धा झालेलं नव्हतं. इतकं साफ, इतकं रिकामं इंजिन त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं.

मग त्यांना दिसलं, की गाडीच्या फार जवळ कुणीतरी उभं आहे.

"बाई," ते अदबीनं म्हणाले, "जरा मागं सरता का? पंख्यात लुगडं अडकंल."