हिमनदीचा गॉगल

गॉगलच्या दुकानात शिरल्यापासून नवऱ्याच्या तोंडाला खळ नव्हता, आणि हे नवलच होतं. एरवी घरात त्याच्याकडून एक शब्द काढायचा तर चिमटा घेऊन बसावं लागे.

"हा नको. बाजूने उजेड शिरतो. बर्फावर ऊन वरून येतं तसं खालूनही येतं अगं, नाकाजवळच्या फटीतून. एक दिवस हयगय केलीस तर रात्रभर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होईल."

दर उन्हाळ्यात तो हिमनदी मोजायला वर जायचा, अगदी गुडघे कुरकुरायला लागेपर्यंत. आता गुडघ्यांनी त्याला घरी बसवलं होतं आणि या वयात बायको मैत्रिणींबरोबर तिथे निघाली होती. लेकीने कारण विचारलं, तेव्हा "बर्फ बघायचाय" म्हणून तिने वेळ मारून नेली. खरं तर तिला आपली सवत बघायची होती.

दर वर्षी निघायच्या दिवशी तो बसपाशी काळा गॉगल चढवूनच उभा राहायचा. डोळ्यांना सवय व्हावी म्हणे! तोंड तिच्याकडे असायचं, पण नजर तिच्यावर आहे की तिच्या खांद्यावरून पलीकडच्या पांढऱ्या शिखरांवर, ते काही कळायचं नाही. "काय बघताय?" असं ती विचारायची. "डोंगरावर ढग आलेत का बघतोय," हे त्याचं ठरलेलं उत्तर. या माणसाला आपल्यापासून दूर जायची एवढी घाई असते का, हा सल तिच्या मनात तेव्हापासून होता.

दुकानदारीण बाईंनी दोन्ही बाजूंना कातडी पडदे असलेला एक गॉगल पुढे केला.

"अगंबाई, ही तर घोड्याची झापडं!"

"घालून तर बघा काकू. सगळ्यात गडद काच आहे. हा घालून गाडी मात्र चालवायची नाही हं."

"मला सायकलसुद्धा येत नाही."

तिने तो घातला आणि दुकानात संध्याकाळ झाली. भिंतीवरचे आरसे तळ्यांसारखे शांत झाले.

"खाली वाक. मान हलव. आता हस," नवरा म्हणाला.

"उगाच काय हसू?"

"हसताना गाल काचेला लागले तर वाफ धरते."

याचंच तिला हसू आलं. त्याने अगदी जवळ येऊन तिच्या डोळ्यांत पाहायचा प्रयत्न केला. "डोळे मुळीच दिसत नाहीत. काच बरोबर आहे. आता उन्हात जाऊन ये."

ती रस्त्यापलीकडे गेली. भर दुपारची गल्ली पाण्याखाली गेल्यासारखी वाटत होती. माणसं सावकाश तरंगत होती आणि कुठलाच आवाज जवळचा वाटत नव्हता. तिने वळून पाहिलं. नवरा दुकानाच्या पायरीवर उभा होता. स्वेटरचं एक बटण चुकलेलं, हनुवटीखाली दाढीचा राहून गेलेला पट्टा, हातात तिचा वाचायचा चष्मा घट्ट धरलेला. त्या गडद काचेतूनही सगळं लख्ख दिसत होतं. पुढच्या आठवड्यात बस सुटेल तेव्हा हा असाच एकटा उभा असेल, असं मनात आलं आणि तिला भडभडून आलं. पाणी कातडी पडद्यापर्यंत ओघळलं. त्याला त्यातलं काहीही दिसलं नाही.

"काय बघतेयस गं?" त्याने पायरीवरून विचारलं.

खरं सांगितलं तर आपला पाय निघणार नाही, आणि तोही जाऊ देणार नाही, हे तिला पक्कं कळलं. तोंडातून आपसूक निघालं, "डोंगरावर ढग आलेत का बघतेय."

आपला आवाज तिला ओळखीचा वाटला. असाच जडावलेला आवाज तिने बसपाशी दर वर्षी ऐकला होता.

तो कठडा धरून, एकेक पाय टाकत पायरी उतरला आणि रस्ता ओलांडून तिच्यासमोर आला.

"आभाळ स्वच्छ आहे," तो म्हणाला. "तेव्हाही असायचं."