मापाचं खोटं

गिरधर आबा गेले, ती बातमी सगळ्यात आधी मी टाकली. शहाद्याच्या दवाखान्यात सकाळी साडेदहाला डॉक्टरांनी मान हलवली आणि अकराच्या आत फुलांच्या चौकटीत त्यांचा फोटो घालून मी पोस्ट करून मोकळाही झालो. सख्ख्या काकाच्या अंगावर पांढरी चादर ओढत होते आणि मी त्यांचं वय तपासत होतो. माझ्यासारखा निर्लज्ज शोधून सापडणार नाही.

सफाई द्यायचीच तर देतो. नंदुरबारच्या एका न्यूज पोर्टलवर लागून मला सहा आठवडे झाले होते. दोन महिने झाले की ठेवायचं की घरी पाठवायचं ते ठरणार होतं. संपादक हिलालसरांची सगळी शिकवण एका शब्दात मावायची, तो शब्द म्हणजे ‘आधी’. आबा पंचवीस वर्षं विकास सोसायटीचे चेअरमन, आमच्या प्रकाशा गावापासून तळोद्यापर्यंत त्यांना ओळखत नाही असा माणूस नव्हता. ही बातमी दुसऱ्या कुणी आधी टाकली असती तर सरांनी मला सोलून काढलं असतं. शिवाय माझ्या बातम्यांचं सगळ्यात जास्त कौतुक आबांनाच. पारावर बसून माझे व्हिडिओ म्हाताऱ्यांना जबरदस्तीने दाखवायचे आणि सुरतेला दिलेल्या लेकीला, प्रतिभाताईला, रोज न चुकता पाठवायचे.

मी पोस्ट करत होतो तेव्हा हेमकांतदादा, आबांचा मुलगा, जिन्यात उभा राहून ताईशी फोनवर बोलत होता. आबांना जरा बरं नाही, निघून ये, एवढंच म्हणाला. आवाज कसा सांभाळला त्याचं त्यालाच ठाऊक. आमच्याकडे सासरी गेलेल्या लेकीला बाप गेल्याचं फोनवर सांगत नाहीत. तिला एकटीला सहा तासांचा रस्ता कापायचा असतो. बरं नाही म्हटलं की ती हातातलं टाकून निघते. वाटेत नको ते मनात येतंच, पण थोडी आशा असते, आणि दारात पोचली की तिला धरायला बायका उभ्या असतात. हे खोटं पिढ्यान्‌पिढ्या मापून ठेवलेलं आहे. लेक धावत येईल इतकं मोठं, आणि वाटेत कोसळणार नाही इतकं लहान. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पोस्ट करताना आठवलं नाही.

दुपारी सव्वादोनला ताईचा फोन आला. तोवर आबांना प्रकाशाला घरी आणून अंगणात ठेवलं होतं. पाच वाजता न्यायचं ठरलं होतं आणि साडेचारच्या बसने ताई पोचेल असा सगळ्यांचा हिशेब होता. ती नवापूरच्या स्टँडवरून बोलत होती. कुणीतरी तिला माझी पोस्ट पाठवली होती.

"भाग्या, तुन्ही बातमी दखी मी. दादा म्हनस बरं नही. तुम्हनामा खरं कोन बोलस?"

मागे बसचे हॉर्न, फेरीवाल्यांचा आरडाओरडा, आणि त्या गर्दीत माझी बहीण हुंदके देत होती. बरं नाही ताई, लवकर ये, एवढं म्हणालो असतो तर भागलं असतं. दादाचंच वाक्य होतं, नुसतं पुन्हा म्हणायचं होतं. पण तिचं ते रडणं माझ्यामुळे होतं आणि मला ते ऐकवेना. मी एका फटक्यात सगळंच पुसायला गेलो.

"तो दुसरा गिरधर पाटील शे, ताई. फोटो आबाना लागी गया, मन्ही चूक व्हयनी. आबा बरा शेतस, संध्याकाळले सुट्टी भेटी. तू सावकाश ये."

ती रडता रडता हसली. असल्या चुका केल्यास तर नोकरी राहील का, म्हणून मला झापलं. फोन ठेवल्यावर मी पोस्ट काढून टाकली. आणि ताईला काय सांगितलं ते घरात कुणालाही बोललो नाही. हिंमतच झाली नाही.

साडेचारच्या बसमधून ती उतरली नाही. फोन लावला तर बंद. दादा दर दोन मिनिटांनी रस्त्याकडे बघायचा आणि मग माझ्याकडे. मी म्हणत राहिलो, येतेच आहे. थंडीचे दिवस, ऊन झपाट्याने उतरत होतं. धुडकूबाबा सगळ्यांत वडीलधारे. दिवस बुडाल्यावर अग्नी देता येत नाही, असं त्यांनी एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. साडेपाचला आबांना उचललं. लेकीने तोंड बघितलं नाही, म्हणत ताईची आई, सुंदरकाकू, अंगणात तशीच बसून राहिली. मी खांदा दिला नाही. ताईसाठी थांबतो म्हणून फाट्यावर जाऊन उभा राहिलो.

साडेसहाला बस आली. ताई उतरली. चेहरा दमलेला, पण शांत. दिसताच तिने माझा कान धरला. तुझ्या बातमीपायी वाट लागली म्हणाली, सांत्वनाचे एवढे फोन आले की किती जणांना खोटं आहे म्हणून सांगू, शेवटी फोनच बंद करून टाकला. सकाळपासून पोटात काही नव्हतं, म्हणून नंदुरबारला उतरून जेवली. मग बाजारात गेली. आबा दवाखान्यातून थंडीत येतील म्हणून त्यांच्यासाठी लोकरीची कानटोपी घेतली. रंग निवडण्यात एक बस चुकली, त्यानंतरची उशिराने लागली. तपकिरी आवडेल ना त्यांना, असं विचारून तिने ती पिशवीतून काढून माझ्या हातात दिली.

मी टोपी धरून उभा होतो. ताईने पदर सारखा केला आणि आलेल्या रस्त्याकडे, नदीच्या बाजूला, मान वळवली.

"पुलवरथीन चिता दिखनी रे, काठवर," ती म्हणाली. "मी बसमाच हात जोडात. कोन गयं आपला गावमातलं? तू बातमी नही टाकी का?"