अनुराधाबाईंचं स्कॉटलंड

शारजात राहून अनुराधाबाईंची भाकरवडी ज्याने खाल्ली नाही, तो मराठी माणूस कालच विमानातून उतरला असणार. औद्योगिक भागात बाईंचं किचन, ट्रेड लायसन्सवर बाईंचं स्वतःचं नाव, आणि दिवाळीत ऑर्डर अशा की फोन बंद करून ठेवावा लागे. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. तेव्हापासून मुलगी आभा आणि धंदा, दोन्ही त्यांनी एकटीने वाढवले. अशा या खमक्या बाईला नाद कसला, तर स्कॉटलंडचा!

बाई कधी तिकडे गेल्या नव्हत्या हो. पण जुन्या काळातले दगडी गड, धुकं, घोड्यावरचे रांगडे सरदार आणि त्यांच्या तिखट नायिका, अशा प्रेमकथा त्या फोनवर इतक्या वाचायच्या की कढईतला घाणा करपला तरी पत्ता नसे.

"सहाशे-सातशे वर्षांपूर्वीचा पुरुष बघा," त्या म्हणायच्या, "लढाईवरून येतो आणि बायकोचे केस विंचरायला बसतो. नाहीतर आपले! स्वतःचं पाणी स्वतः घेतलं तरी उपकार केल्यासारखं तोंड."

"मॉम, दॅट्स फिक्शन," आभा म्हणे.

"असेना का!" बाई म्हणत.

यंदा शारजाच्या मराठी मंडळाच्या वर्धापनदिनाला बाईंनी स्वतःच नाटक लिहिलं. दोन हाडवैरी घराणी. तह म्हणून या घरची इसोबेल त्या घरच्या सरदार अँगसला देतात. पहिल्याच भेटीत ती त्याच्या गळ्याला सुरी लावते. तो हसतो, खाली बसतो आणि तिचे पावसात भिजलेले बूट काढून तिची पावलं हातात धरून ऊब देतो. कमिटीत यावरून केवढं वादळ! घरची मंडळी, मुलंबाळं, हे शोभतं का? तेव्हा वसंतराव शांतपणे म्हणाले, "पायच तर आहेत." आणि प्रवेश वाचला.

हे वसंतराव म्हणजे मंडळाचे कायमचे प्रॉम्प्टर. खोर फक्कानच्या बंदरात नोकरी, बायको जाऊन सात-आठ वर्षं झालेली, मुलगा पुण्याला. दर शनिवारी डोंगरातला रस्ता पार करून ते बाईंच्या किचनमध्ये यायचे. निमित्त नाटकाचं. बाई तळायच्या, वसंतराव नवा प्रवेश मोठ्याने वाचायचे. "इसोबेल, तुझी सुरी धारदार आहे, पण तुझ्या नजरेपुढे बोथट," असं त्यांनी त्या भरदार आवाजात म्हटलं की बाईंच्या अंगावर सर्रकन काटा यायचा. या वयात! मग त्या उगाचच एक्झॉस्ट फॅनला शिव्या घालायच्या.

पण आता वसंतराव रिटायर झाले होते. व्हिसा कॅन्सल व्हायला टाकलेला, येत्या बुधवारचं तिकीट काढलेलं. नाटक झालं की "येतो" म्हणतील आणि जातील, खलास. त्यांनी काही विचारलं नव्हतं, बाईंनी काही सांगितलं नव्हतं. दोघंही भिडस्त मेले! आठवडाभर बाईंना घास गोड लागला नव्हता.

नाटकाच्या दिवशी दुपारी चारला शाळेचा हॉल गच्च भरला. अँगस होणारा कुशल आणि इसोबेल होणारी त्याची बायको मुग्धा दुबईहून निघाले होते. वेळ वाचावा म्हणून दोघं घरूनच वेष करून बसले होते. आणि अडकले. दुबई-शारजा रस्त्याने आजवर कुणाला सोडलंय? फोनवर कुशल रडकुंडीला आला. "अनुराधाताई, गाडी हलतच नाहीये! बाजूच्या बसमधले लोक माझ्या या स्कॉटिश घागऱ्याचे फोटो काढतायत!"

"आता काय, कॅन्सल?" आभाने विचारलं.

"कॅन्सल कशाला?" कपडेपटाच्या कुंदाकाकू कडाडल्या. "लिहिणारी इथे, वाचणारा इथे. दोघांना सगळं पाठ. यल्ला, चला, उभे राहा!"

बाई नाही म्हणायच्या आत त्यांच्या अंगावर कुणाची तरी मखमली शाल आणि पायात आभाचे स्नीकर्स चढले. वसंतरावांसाठी घागरा कुठून आणणार? काकूंनी खाऊच्या स्टॉलवरचा लाल चौकडीचा टेबलक्लॉथ ओढला. मंडळाच्या बायकांना वर्षानुवर्षं नऊवारी नेसवणारा हात तो. घाईघाईत निऱ्या घातल्या आणि सवयीने मागे काष्टासुद्धा खोचून मोकळ्या झाल्या! स्कॉटलंडचा सरदार प्रवेश करता झाला तो थेट पेशव्यांच्या दप्तरातून उठून आल्यासारखा. हॉल हसून हसून कोसळला. पण वसंतराव डगमगले नाहीत. त्यांनी छाती काढून पहिलं वाक्य टाकलं आणि हसणारे गप्प बसले.

मग तो पायांचा प्रवेश आला. बाईंनी तो लिहिला होता मुग्धाच्या नाजूक पावलांसाठी. यांच्या पायांना भट्टीपुढे उभं राहून राहून भेगा पडलेल्या, अंगठ्याजवळ भोवरी. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना. त्यांनी पाय मागे घेतला. वसंतरावांनी तो हलकेच पुढे ओढला, बुटाची नाडी सोडून तो काढला, आणि दोन्ही तळव्यांत पाऊल धरलं. नाटकात इथे दोन वाक्यं होती. त्यांनी ती म्हटलीच नाहीत. नुसता अंगठा टाचेवरून सावकाश फिरवत राहिले, भेगांवरूनसुद्धा. बाईंच्या पोटऱ्यांतून गोड कळ निघाली ती पार मानेपर्यंत गेली.

"किती उभ्या राहता हो तुम्ही," ते हळूच म्हणाले.

हे नाटकात नव्हतं.

"सुरी पडली, सुरी!" विंगेतून आभा कुजबुजली. खरंच, हातातली सुरी कधी गळून पडली ते बाईंना कळलंच नव्हतं.

शेवटचा प्रवेश लग्नाचा. बाईंच्या स्कॉटलंडात वधूवरांचे हात कापडाने एकत्र बांधतात. बांधणारी गडावरची म्हातारी म्हणजे कुंदाकाकूच. त्यांनी पट्टी गुंडाळली, करकचून गाठ मारली, आणि आता मंगलवाद्यं वाजणार एवढ्यात पहिल्या रांगेतून सुलक्षणामावशी ओरडल्या, "अगं बाई, नाव घ्यायला लावा की तिला!"

झालं! मराठी बायका त्या. समोर लग्न लागतंय आणि उखाणा नाही म्हणजे काय? "नाव घ्या! नाव घ्या!" सगळा हॉल टाळ्या पिटायला लागला. काकूंनाही चेव आला. "नाव घेतल्याशिवाय गाठ सोडायची नाही मी!"

नवरा गेल्यापासून बाईंना कुणी उखाणा घ्यायला सांगितला नव्हता. हळदीकुंकवात, डोहाळजेवणात सगळ्यांची पाळी यायची आणि यांच्यापाशी आली की पुढे सरकायची. त्याही उठून खिरापत वाटायला लागायच्या. आज खेळाच्या भरात सगळे ते विसरले होते. त्यांनी गाठीतल्या वसंतरावांच्या हाताकडे पाहिलं. बुधवार तर तोंडावर आला होता. आत्ता नाही तर कधीच नाही, बाई, त्यांनी स्वतःला बजावलं.

अँगसचं नाव घेऊन सुटता आलं असतं. बाईंनी मान वर केली.

"गडावरती पेटल्या मशाली, धुकं उतरलं गावावर..."

"वाऽऽ!" हॉल गरजला.

"वसंतरावांचा व्हिसा काढते मी माझ्या नावावर!"

आधी हशा फुटला. मग तो मध्येच विरला. कारण बाई हसत नव्हत्या. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि त्या वसंतरावांकडे बघत होत्या. सुलक्षणामावशींचा हात टाळी वाजवता वाजवता तोंडावर गेला. स्वतःचा व्यवसाय असलेली बाई नवऱ्याला आपल्या नावाच्या व्हिसावर इथे ठेवू शकते, हे त्या हॉलमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. यातला अर्थ कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

तेवढ्यात मागचं दार धाडकन उघडलं. घामाघूम अँगस आणि विस्कटलेली इसोबेल आत घुसली. "आलो, आलो! सॉरी, ट्रॅफिक..."

"खाली बसा!" सगळा हॉल एका आवाजात खेकसला. कुशल आणि मुग्धा तिथेच पायरीवर बसले.

आता पाळी वसंतरावांची. वर्षानुवर्षं दुसऱ्यांना वाक्यं पुरवणारा माणूस, त्याला स्वतःचं एक वाक्य सापडेना. बाईंचा धीर सुटत चालला. काय करून बसले मी, चारचौघांत त्या बिचाऱ्याची शोभा केली, असं वाटून त्यांनी हात सोडवायला बघितला. गाठ काही सुटेना.

"अंकल," विंगेतून आभा रडक्या आवाजात म्हणाली, "प्लीज, से समथिंग! शी नेव्हर आस्क्स एनीवन फॉर एनीथिंग."

वसंतराव बाईंकडे वळले.

"अनुराधा," ते म्हणाले. पहिल्यांदाच नुसतं अनुराधा. "मला यमक जमत नाही. पण माझा पासपोर्ट गाडीत आहे. या मंडळींना दोन मिनिटं थांबायला सांग, आत्ता आणून देतो."

आणि टेबलक्लॉथचा काष्टा सावरत, बाईंना बांधल्या हाताने तशीच बरोबर घेऊन, सरदार पार्किंगकडे निघाला.