माझ्या पोटात मक्कीचं रक्त

मी रक्ताची नळी. जांभळ्या टोपणाची, बोटाएवढी. घाबरलेय हो मी फार, म्हणून घाईघाईनं बोलतेय, सांभाळून घ्या.

कारखान्यात जन्मले, खोक्यातून बहरीनला आले आणि सित्रा बेटावरच्या एका दवाखान्यात बतूल नर्सच्या हाती पडले. मुहर्रम आणि सफर हे दुखवट्याचे महिने संपले की तिथे लग्नांची झुंबड उडते. लग्नाआधी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी करावीच लागते, त्यामुळे दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. वेळ वाचावा म्हणून बतूल खुर्च्यांच्या क्रमानं नळ्यांवर आधीच नावं चिकटवून ठेवायची.

त्या दिवशी दोन सख्खे भाऊ आले. दोघांची लग्नं एकाच दिवशी. धाकटा जाफर पहिल्या खुर्चीत, थोरला मक्की दुसरीत. माझ्यावर जाफरचं नाव लागलं. बतूल सुई घेऊन आली तसा जाफर टुणकन उठला.

"दादा असताना मी आधी? आई कान उपटेल माझे! दादा, तू बस."

"सुईला घाबरलास, असं सरळ सांग ना!" म्हणत मक्की त्याच्या जागी बसला.

बतूलही हसली. नाव काही तिनं विचारलं नाही. मक्कीचं रक्त माझ्यात भरलं, आणि मक्कीच्या नावाच्या नळीत जाफरचं. अगं बाई, थांब, थांब, म्हणून मी आकांत केला. नळीचं कोण ऐकतं?

दोष निघाला माझ्यातल्या रक्तात, कागदावर गेला जाफरच्या नावे. जाफरची नवरी निर्दोष, तेव्हा त्याची कुणाला काळजी वाटली नाही. पण मक्कीची कौसर! तिच्या रक्तात तोच दोष आहे.

अहवाल घ्यायला मक्कीबरोबर त्याची आई रबाब आली. मागच्या फ्रिजमधून मी ऐकत होते.

"कौसरचं काय गं मग, बतूल?"

"काही नाही, खाला. मक्कीचं रक्त निर्दोष आहे. आईबाप दोघांत दोष असला तरच मुलाला आजार होतो."

"पुन्हा एकदा बघतेस का? माझा भाऊ याच दुखण्यानं गेला. हाडं धरून गुरासारखा ओरडायचा गं."

माझा जीव टांगणीला लागला. हो म्हण, बतूल, हो म्हण!

"आई, पुरे की आता," मक्कीच म्हणाला. "हॉल ठरला, मेंदीवाली ठरली, आणि तू मला परत सुया टोचायला निघालीस!"

रबाब हसली. डोळे पुसून तिनं कागद पर्समध्ये ठेवला.

आज फ्रिज रिकामा केला. मी पिवळ्या पिशवीत पडलेय, जाळायला नेणारी गाडी दारात उभी आहे. माझं काय, मी जळेन. पण अजून जन्मालाही न आलेल्या त्या लेकराच्या विचारानं माझा थरकाप होतोय. तुम्हाला तोंड आहे. सुई टोचण्याआधी आपलं नाव मोठ्यानं सांगा, नळीवरचं वाचून दाखवायला लावा. आणि मक्कीला कुणीतरी अडवा हो, लग्न उद्यावर आलंय!

बतूल पिशवीचं तोंड बांधतेय. हातावर ताजी मेंदी आहे तिच्या. तिलाही लग्नाचं आमंत्रण आहे.