सुकेळ्यांची राखण

वसुंधराआत्याचा फोन आला तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. पस्तीस वर्षांत जिने एकदाही सुट्टीला बोलावलं नाही, ती म्हणाली, "यंदा सुकेळी घालतेय. लेकीला घेऊन ये, चार दिवस मजा करा."

"आत्याच आहे ना तुझी?" नवरा म्हणाला. "तुला पोलिसात घ्यायला हवं होतं."

त्याला बोलायला काय जातंय? दहा वर्षांची असताना मे महिनाभर मी आगाशीला आत्याच्या वाडीत होते. सकाळी वाडीच्या तळ्यात, बावखलात डुंबायचं, आंब्यावर चढायचं आणि दुपारी सुकेळ्यांची राखण. सोललेली राजेळी केळी आठवडाभर उन्हात वाळायची आणि आम्ही कावळे हाकायचो. त्या वर्षी सुकेळी कमी भरली. आत्याच्या सासूने सगळ्यांसमोर मला चोर ठरवलं. दुसऱ्या दिवशी बाबा येऊन मला घरी घेऊन गेले. मी एकही खाल्लं नव्हतं. ही गोष्ट मी माझ्या क्षितिजाला दर उन्हाळ्यात सांगते. माझा संशय आत्येभाऊ चंद्रहासवर. तेव्हा तो तेरा वर्षांचा होता आणि त्याची गालफडं कायम हलत असायची.

तरी गेले. आमच्या मनवेलपाड्याच्या फ्लॅटमध्ये पोरीची सुट्टी मोबाइलवरच संपत होती.

दोन दिवसांत क्षितिजा रापली, गुडघे फोडून घेतले, आंब्याचा चीक ओठाला लावून घेतला. तिला बघून मला इतकं बरं वाटलं की मी संशय घ्यायचंही जरा विसरले.

तिसऱ्या दिवशी जेवताना चंद्रहास म्हणाला, "सुकेळी कमी दिसतायत."

तो ताटाकडे बघत होता. क्षितिजाचा घास मात्र हातातच राहिला, कारण आदल्या दिवशी राखणीला तीच होती. माझं डोकं सणकलं. तीच पडवी, तेच वाक्य. माझ्या पोरीच्या नावावर हे लागू द्यायचं नाही, आज चोर पकडायचाच, असं मी ठरवलं.

दुपारी तिला आत झोपवलं आणि पडवीतल्या बाकावर तोंडावर ओढणी घेऊन पडले. आधी चंद्रहास आला. समोर उन्हातल्या सुकेळ्यांवरची मच्छरदाणी उचलून त्याने दोन-चार उलटी केली, बोटं हुंगली आणि निघून गेला. आता परत येईल, मी मनात म्हटलं.

आली ती आत्या. साखरेमुळे डॉक्टरांनी तिला केळं बंद केलेलं. तिने जाळीखाली हात घातला, एक सुकेळं तोंडात टाकलं, एक कमरेला खोचलं. बघायचीही गरज पडली नाही, हात इतका सरावलेला होता.

मी उठून बसले. "आत्या, तेव्हाही तूच?"

ती दचकली नाही. "सासूच्या राज्यात मला कोण देत होतं? मी घालायची, मी वाळवायची आणि खायची बाकीच्यांनी."

"आणि चोर म्हणून माझं नाव झालं ते?"

"तू काय, जूनमध्ये घरी जाणारच होतीस. मला इथेच राहायचं होतं." मग खाली बघून म्हणाली, "म्हणून तर बोलावलं तुला. सांगणार होते."

मला रडू नाही आलं, राग आला. तेवढ्यात आमचे आवाज ऐकून चंद्रहास बाहेर आला, मागून डोळे चोळत क्षितिजा. त्याने उघडी जाळी बघितली, मग माझ्या पोरीकडे.

"काय गं, तू?"

तिचे कान लाल झाले. मी आत्याकडे बघितलं. आता बोल, मनात म्हटलं, एकदा तरी बोल. आत्याने कमरेवरचा पदर घट्ट धरला होता. बहात्तर वर्षांच्या बाईला पोराच्या बोलण्याची भीती वाटत होती. तिला उघडं पाडायला माझी जीभ उचलेना.

"मी खाल्ली," मी म्हटलं.

चंद्रहास हसला. "सवय गेली नाही अजून तुझी." आणि जाळी नीट करायला लागला.

क्षितिजा हसली नाही. माझ्याकडे टक लावून बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे आई, तेव्हा पण..."

मी पुन्हा आत्याकडे बघितलं. तिचं तोंडातलं सुकेळं अजून चावून व्हायचं होतं.