मेणातली फट

एक मुलगी शीळ घालते म्हणून वर्गाबाहेर उभी आहे. बाहेर उभी राहूनही ती शीळच घालते आहे.

पांढरा रंग एकच असतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी कवळीवाल्याचा खण उघडून बघावा.

लग्नाच्या फोटोत नवरी ओठ घट्ट मिटून बसली आहे. फोटोग्राफर म्हणाला होता, "वहिनी, हसा." सासूबाई म्हणाल्या होत्या, "नको."

विनोद सांगून झाला की नवरा आधी बायकोच्या हाताकडे बघायचा. हात तोंडावर गेला म्हणजे विनोद जमला.

हे सगळं तिला आत्ता, भलत्याच क्रमाने आठवत होतं. कारण तोंडात मेण होतं आणि बोलायची सोय नव्हती.

"चावू नका हं मावशी," कवळीवाला म्हणाला. "दात कायमचे आहेत, हिरडी तेवढी मेणाची. आज नीट बघून घ्या. एकदा पक्के केले की मग माझ्या नावानं बोटं मोडायची नाहीत."

त्याने आरसा हातात दिला. आरशात एक नीटनेटकी बाई होती. बँकेत काचेपलीकडे बसते तशी. तिला काही विचारावं, तर ती आधी टोकन मागेल.

"हे काय?" लेक पाठीमागून म्हणाली. "फट कुठाय?"

"कसली फट?"

"आईच्या पुढच्या दोन दातांत फट होती. दात पडेपर्यंत होती. तुम्हाला फोटो दिला होता ना?"

"फोटोत तोंड मिटलेलं आहे, ताई."

लेक अशाने गप्प बसणाऱ्यातली नव्हती. तिने केस बारीक कापले तेव्हा, चांगली नोकरी सोडली तेव्हा, लग्न करणार नाही म्हणाली तेव्हा, दर वेळी घराची समजूत घालून आईच्या तोंडाला फेस आला होता.

"आई, जन्मभर लोकांनी तुला तोंड झाकायला लावलं. आता तरी स्वतःसारखी राहा."

आईने मेणाचे दात काढून हातात घेतले. तोंडाचं पुन्हा बोळकं झालं.

"तू तरी मला कुठं विचारलंस?"

"बरं, विचारते. तुला काय हवंय?"

इथेच घोडं अडलं. आजवर कोणीतरी 'नको' म्हणायचं. मग ऐकायचं किंवा चोरून करायचं, एवढंच ठरवायला लागायचं. आता अडवायला कोणी नव्हतं आणि पाऊल उचलत नव्हतं. फट तिने मागून घेतली नव्हती, ती आपोआप आली होती. सरळ दात मात्र तिला खरंच हवे होते. की ते सासूबाईंना हवे होते? इतक्या वर्षांत दोघींच्या इच्छा कधी एकमेकींत मिसळल्या, तेच तिला कळेना.

"फट करून बघू की," कवळीवाला म्हणाला. "त्यात काय!"

त्याने बारीक सुरी ज्योतीवर धरली, मेण सैल केलं, दोन दात हलके बाजूला सारले. तिने ते तोंडात बसवले. आरशात बघितलं. मग इकडेतिकडे पाहून जीभ दातांशी नेली आणि फुंकर घातली.

नुसती हवा आली. आरशावर थुंकीचे बारीक थेंब उडाले.

कवळीवाल्याने सभ्यपणे खिडकीबाहेर बघितलं. "शिळेचं आपल्या हातात नाही, मावशी."

तिने आरसा पदराने पुसला.

"शीळ नाही, तर फट काय करायची? सरळच करा. हिच्यासारखे करा. हिचे बघा किती छान आहेत."

लेकीने तोंड मिटलं. वरच्या ओठाखाली तिची जीभ फिरताना दिसली, पुढच्या दातांवरून, पुन्हा पुन्हा. परीक्षेच्या वेळी, भांडणात, घरात कोणी आजारी असलं की ती हेच करायची. आईने ते कितीदा तरी पाहिलं होतं. "काय चघळतेस?" यापलीकडे कधी विचारलं नव्हतं.

आईचा हात सवयीने तोंडाकडे निघाला आणि मध्येच थांबला.

"तुझी किती होती गं?"

"काय?"

"फट."

लेकीने विचार न करता अंगठा पुढे केला. "एवढी. नख जाईल एवढी."

"नक्की ना, ताई?" कवळीवाल्याने विचारलं.

"नख घालून बघायचे ना मी. रोज."

"माझी मोठी होती," आई म्हणाली.

कवळीवाल्याने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. सुरी त्याच्या हातात गार होत होती.

"मग मी कुठली करू?"

"ती म्हणतेय तेवढी."

त्याने खांदे उडवले आणि पुन्हा ज्योत मोठी केली. लेक खिडकीशी गेली. तिची पाठ तेवढी दिसत होती.

सातवीत असताना लेकीच्या दातांना तार बसवून घ्यायला आईच तिला घेऊन गेली होती.