कोपऱ्यातल्या टेबलावरची दिवसपाळी

एक पेला घेतला असता, तर सोडावॉटरला काय काय मिळणार होतं? पहिलं म्हणजे दिवसपाळीच्या सुपरवायझरची खुर्ची. दुसरं, बायकोची भेट. ती इस्पितळाच्या धुलाईखात्यात पहाटे जायची आणि हा लिफ्टदुरुस्तीच्या फेऱ्या आटपून तिला झोप लागल्यावर घरी उगवायचा. दोघं शेजाऱ्यांसारखी राहत होती, आणि शेजारी निदान भांडतात तरी. तिसरं, हे टोपणनाव सुटलं असतं. तोट्याच्या बाजूला एकच गोष्ट होती : दारू सोडून झालेले चौदा महिने.

कंपनीत कामं वाटली जायची ती कचेरीत नव्हे. शुक्रवारी साडेपाचला, समोरच्या बारमधल्या कोपऱ्यातल्या टेबलावर. तिथे जो नसेल त्याच्या वाट्याला उरलंसुरलं. म्हणून तोही सोड्याची बाटली पुढ्यात घेऊन बसायचा. मग तक्रारीचा फोन आला की सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळायच्या. शुद्धीत असणं हा काही गुन्हा नव्हे, पण शिक्षा मात्र दर आठवड्याला.

"जा बाबा, तूच जा," मामा म्हणायचा. मामा म्हणजे वयाने सगळ्यांत मोठा फिटर, अख्ख्या कंपनीचा मामा. "आमचा तोल खुर्चीवरच जातोय, शिडीवर काय होईल!"

त्या शुक्रवारी साहेबांनी स्वतः त्याचा पेला भरला. "सोमवारपासून दिवसपाळी तुझी. फक्त आज माझा मान राख. एकजण कोरडा बसला ना, की बाकीच्यांना वाटतं कुणीतरी पाळत ठेवतंय."

"साहेब, मला एक पुरत नाही. म्हणून तर..."

"मग दोन घे!" मामा म्हणाला, आणि टेबल हसलं.

तोही हसला. हसायचाच कंटाळा आला होता खरा. तोच विनोद, तेच नको-नको, तेच ओशाळं तोंड. त्याने पेला उचलला. होऊन जाऊ दे एकदाचं, असंच मनात होतं.

तेवढ्यात फोन. आठ मजली इमारत, पाचव्या-सहाव्याच्या मध्ये लिफ्ट अडकलेली, आत एक निवृत्त शिक्षिका. माना सवयीने वळल्या. साहेब म्हणाले, "तू बस, पेला संपव. मामा जाईल."

मामा उठला. स्क्रूड्रायव्हर आहे का बघायला खिसा चाचपला आणि त्यातून बारमधला चमचा काढला.

"राहू दे मामा," पेला खाली ठेवत सोडावॉटर म्हणाला. "नाहीतर मला दोघांना काढावं लागेल."

खरं तर हे काम दोघांचं. गच्चीवरच्या मशीनखोलीत एकाने ब्रेक सोडून हाताने चाक फिरवायचं आणि दुसऱ्याने खाली दाराशी उभं राहून 'बस, आली' म्हणून ओरडायचं. लिफ्ट कुठवर आली ते वरूनच कळावं म्हणून दोरांवर केलेल्या मजल्यांच्या खुणा तर कधीच पुसल्या होत्या. त्याने वीज बंद केली, चाक थोडं फिरवलं, जिने उतरून पाहिलं, पुन्हा चढला. अशा चार खेपा झाल्या.

"एकटेच आलात?" आतून बाईंचा आवाज. "बाकीचे कुठे उलथले?"

"मीटिंग आहे, बाई."

सहाव्यावर दार उघडल्यावर त्यांनी आधी त्याच्या तोंडाचा वास घेतला. "मागच्या वेळी आला होता, त्यालाच धरून उभं करावं लागलं," त्या म्हणाल्या आणि भाजीची पिशवी त्याच्या हातात दिली. "आठव्यावर राहते मी."

सोमवारी साहेबांनी त्याला बोलावलं. "काम तू चोख करतोस, त्यात वाद नाही. पण टेबल सोडून गेलास. आणि खरं सांगू? तुला दिवसपाळी दिली तर संध्याकाळी फोन आल्यावर पाठवू कुणाला?"

तर बाईंची सुटका झाली, मामाला खुर्ची मिळाली आणि बारचं बिल कंपनीने भरलं. सोडावॉटरच्या न पिण्याची किंमत अर्धी त्याच्या गुडघ्यांनी मोजली, उरलेली अर्धी बायकोने. आणि तिला तर कुणी विचारलंही नव्हतं.